नव्या गाण्यावर ‘इटालो डिस्को’चा शिक्का : कानाने पारखायचा कसा?

२०२३च्या उन्हाळ्यात इटलीत एका गाण्याने धुमाकूळ घातला. ‘द कलर्स’ या इटालियन बँडचं हे गाणं तिथल्या अधिकृत यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. गाण्याचं नावच ‘इटालोडिस्को’. त्यामुळे ज्यांच्या कानावर हा शब्द कधी पडला नव्हता, त्यांना वाटलं की इटालो डिस्को, म्हणजे ऐंशीच्या दशकातलं इटलीचं यंत्रांवर बनलेलं नाचाचं संगीत, म्हणतात ते हेच. ज्यांच्या कपाटात १९८३-८४च्या तबकड्या जपून ठेवलेल्या आहेत, त्यांनी मात्र कपाळावर हात मारला. नाव इटालो, पण गाण्यात इटालो कुठे आहे?

असा वाद दर दोन-चार महिन्यांनी नव्या गाण्यावरून पेटतो. एक बाजू म्हणते “अस्सल ऐंशीचं दशक!”, दुसरी म्हणते “नुसती नक्कल”. दोघांचं मत ‘मला असं वाटतं’ याच्या पुढे सहसा जात नाही. खरं तर जाता येतं. हा प्रकार मोजक्या भागांचा बनलेला आहे आणि प्रत्येक भाग सुटा करून ऐकता येतो. ते एकदा जमलं की नव्या गाण्यात काय बसलं आणि काय फसलं, हे बोट ठेवून सांगता येतं.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही

१९७७ साली जॉर्जो मोरोडर या संगीतकाराने म्युनिकमध्ये डोना समर या अमेरिकी गायिकेकडून ‘आय फील लव्ह’ गाऊन घेतलं. मोरोडर मूळचा उत्तर इटलीतल्या ओर्टिझेई गावचा. या गाण्यात तंतुवाद्यांचा ताफा नाही, पितळी फुंकवाद्यं नाहीत. गायिकेचा आवाज आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) सोडला तर जवळपास सगळं मूग सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या यंत्रावर, वाजवलेलं आहे. किक मात्र कीथ फोर्सी या ड्रमवादकाने प्रत्यक्ष वाजवली, कारण मूगमधून तेवढा ठोसा निघत नव्हता.

दोन वर्षांनी अमेरिकेत वारं फिरलं. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून स्फोटाने उडवला गेला. अमेरिकी कंपन्यांनी डिस्कोतून हात काढून घ्यायला सुरुवात केली. इटलीत मात्र रिमिनी, रिचोने अशा किनाऱ्यावरच्या गावांतले डिस्कोथेक भरलेलेच होते. तिथे नाचायला गाणी हवी होती आणि बाहेरून येणारा माल आटत चालला होता. मग मिलान आणि आसपासच्या निर्मात्यांनी ती स्वतःच करायला घेतली. वीस वादकांचा वाद्यवृंद परवडणं शक्य नव्हतं. एक कीबोर्डवाला, एक ड्रम मशीन, एक गाणारा, एवढ्यावर भागवायचं होतं.

या काटकसरीतून जे जन्मलं ते इटालो डिस्को. साधारण १९८२ ते १९८७ हा त्याचा भराचा काळ. नाव रूढ केलं ते एका जर्मनाने : झेडवायएक्स या कंपनीच्या बर्नहार्ड मिकुल्स्कीने १९८३पासून या गाण्यांचे संग्रह याच नावाने विकायला काढले. दशक संपता संपता हेच इटालियन निर्माते हाऊस या शिकागोतून आलेल्या क्लबच्या संगीताकडे वळले आणि हा अध्याय मिटला.

गरिबीतली हौस, असा याचा एका ओळीत गाभा सांगता येईल. हातात यंत्रं दोन-तीन, पण डोक्यात चाल सिनेमाच्या पडद्याएवढी मोठी. नव्या गाण्यात नेमका हाच ताण हरवतो, असं माझं म्हणणं आहे. कसा हरवतो, ते एकेका भागातून पाहू.

ठेका : सरळ, कोरडा आणि न डगमगणारा

इटालियन लोक ज्याला ‘कासा द्रित्ता’ म्हणतात, तो चारही मात्रांवर पडणारा किक हा पाया. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) किंवा टाळी. दोन मात्रांच्या मधोमध उघडी हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी. वेग मिनिटाला साधारण ११० ते १२८ मात्रा. यालाच बीपीएम म्हणतात. लयीत झोल जवळजवळ नसतो. जॅझ किंवा नंतरच्या हाऊसमध्ये मधली मात्रा किंचित उशिरा टाकून जो डौल आणतात, तो इथे अपेक्षित नाही.

त्या काळच्या ड्रम मशीनमध्ये दोन जाती होत्या. रोलँडचं टीआर-८०८ हे १९८०चं यंत्र विजेच्या मंडलातून आवाज तयार करायचं. लिनड्रम हे १९८२चं यंत्र चिपवर साठवलेले खऱ्या ड्रमचे तुकडे वाजवायचं. ऐकताना फरक लगेच कळतो : ८०८ची किक लांबट आणि गोल, लिनड्रमची आखूड आणि ठोस. याशिवाय सिमन्स कंपनीचे इलेक्ट्रॉनिक ड्रमचे षट्कोनी पॅड. चार किंवा आठ आवर्तनांच्या (चार मात्रांचं एक आवर्तन) शेवटी वरून खाली घसरत जाणारा जो ‘प्यूऽऽ’ आवाज येतो, तो त्यांचा.

आजच्या गाण्यांत पहिली गडबड इथेच होते. निर्माता आजच्या क्लब संगीताची किक उचलतो. तिच्यात ५० हर्ट्झच्या आसपासचा खोल धपका भरपूर असतो, कारण मोठ्या क्लबच्या स्पीकरवर तो छातीत बसावा लागतो. पण इटालोमध्ये तळाची जागा किकची नाही, बेसची आहे. जड किक आली की बेसला पाय ठेवायला जागा उरत नाही आणि सगळा तळ गढूळ होतो. उपाय साधा आहे : किक आखूड करायची, तिचा तळ ६०-७० हर्ट्झच्या खाली छाटायचा आणि ठोशाचा ‘टक्’ तेवढा ठेवायचा.

बेस : एकाच सुराची उडी

इटालोची सगळ्यात पटकन ओळखू येणारी खूण ही. पेटीवर खर्जातला सा आणि त्याच्या वरच्या सप्तकातला सा आलटून पालटून वाजवा : खाली, वर, खाली, वर. सूर तोच, सप्तक बदलतं. स्वरसंगत बदलली की ही जोडी तशीच्या तशी दुसऱ्या सुरावर सरकते. एवढ्यावर अख्खी गाणी उभी आहेत.

यातली गंमत वेळेच्या हिशेबात आहे. १२० बीपीएमला एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. बेस अर्ध्या मात्रेला एक सूर टाकतो, म्हणजे दर २५० मिलिसेकंदांनी एक. आता त्याच्यावर १२५ मिलिसेकंदांचा एकच प्रतिध्वनी लावला, तर प्रत्येक दोन सुरांच्या बरोबर मध्ये एक पडसाद येऊन बसतो. वादकाचं काम वाढत नाही, पण ऐकणाऱ्याला दुप्पट वेगाने धावणारा बेस ऐकू येतो. मोरोडरने १९७७ला हेच केलं होतं : मूळ सूर एका कानात, पडसाद दुसऱ्या कानात. पडसादाचा आवाज मुळापेक्षा थोडा कमी ठेवायचा. दोन्ही सारखे ठेवले तर उडी नाहीशी होते आणि नुसती घरघर उरते. आणि गाण्याचा वेग बदलला की पडसादाची वेळही बदलावी लागते. ११५ बीपीएमला ती सुमारे १३० मिलिसेकंद. हे विसरलं की बेस ठेक्यापासून घसरल्यासारखा वाटतो आणि ऐकणाऱ्याला काय खटकतंय ते सांगताही येत नाही.

नव्या गाण्यांतली मोठी खोट मात्र वेगळी आहे. तिचं नाव साइडचेन. लग्नाच्या हॉलमध्ये निवेदक बोलायला लागला की ध्वनिक्षेपकवाला मागचं गाणं खाली ओढतो आणि निवेदक थांबला की पुन्हा वर सोडतो. साइडचेन हेच काम आपोआप करतं, सेकंदाला दोनदा : किक पडली की बेस आणि कीबोर्ड दबतात, किक सरली की वर येतात. त्यातून ‘हूं-हूं’ असा श्वास घेतल्यासारखा हेलकावा तयार होतो. फ्रेंच हाऊसनंतर तो सर्वत्र पसरला. १९८३च्या इटालियन गाण्यात तो नसतो. तिथे किक पडते तेव्हा बेसही पूर्ण ताकदीने हजर असतो आणि म्हणूनच तो बेस दंडाला धरून नाचायला ओढतो. नव्या गाण्यात हा हेलकावा स्पष्ट ऐकू आला, तर ते नू-डिस्को (डिस्कोचा आजचा अवतार) किंवा हाऊस आहे असं म्हणायला माझी हरकत नाही. इटालो म्हणायला आहे.

चाल : सगळा निकाल इथे लागतो

ठेका आणि बेस जुळवणं ही कारागिरी आहे. चांगलं सॉफ्टवेअर आणि दोन दिवस हाताशी असले की जमते. चाल तशी जमत नाही.

इटालोच्या गाण्यात बहुधा दोन चाली असतात. एक गायकाची आणि दुसरी कीबोर्डची. कीबोर्डची चाल गायकाच्या आधी येते, मुखड्यानंतर परत येते आणि शेवटी तीच गाण्याला निरोप देते. गझेबोच्या १९८३च्या ‘आय लाइक शोपँ’मधली पियानोची ओळ घ्या. शब्द विसरलेली माणसंही ती गुणगुणतात. गझेबो म्हणजे पॉल माझ्झोलिनी आणि गाणं बांधणारा पिएरलुईजी जोंबिनी. याच जोंबिनीचं त्याच वर्षीचं दुसरं काम रायन पॅरिसचं ‘दोल्चे विता’. एका वर्षात अशा दोन चाली हाताला लागणं, हे यंत्राचं कर्तृत्व नव्हे.

सुरांचा साचा बहुतेक वेळा मायनरचा. आपल्या भाषेत सांगायचं तर आसावरी थाटाचे सूर : गंधार, धैवत, निषाद कोमल. स्वरसंगतीचा नेहमीचा रस्ता सा, तिथून कोमल धैवत, मग कोमल निषाद आणि परत सा. पाश्चात्त्य लिपीत ए मायनर, एफ, जी आणि पुन्हा ए मायनर. पाय नाचत असतात आणि चाल मात्र हुरहूर लावणारी असते. ‘आनंदी गाणी’ म्हणून इटालोची जी ओळख सांगितली जाते, ती मला अर्धवट वाटते. रिघेरा या जोडीचं ‘वामोस आ ला प्लाया’ १९८३च्या उन्हाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्यावर वाजत होतं आणि त्याचे स्पॅनिश शब्द आहेत अणुबॉम्ब पडल्यानंतरच्या समुद्रकिनाऱ्याबद्दल. नाचणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते लक्ष देऊन ऐकले असतील कोण जाणे.

आजच्या गाण्यांत कीबोर्डची चाल म्हणून बरेचदा चार सुरांचा एक तुकडा असतो, तोच तोच फिरवलेला. संगणकावर एक तुकडा बनवून तो सोळा वेळा चिकटवणं सोपं, म्हणून तसं होतं. जुनी चाल आठ आवर्तनांची असते : पहिली चार प्रश्न विचारतात, पुढची चार उत्तर देतात आणि शेवटचा सूर पहिल्या भागाच्या शेवटापेक्षा वेगळ्या जागी उतरतो. पारख करायला एक उपाय आहे. गाणं एकदा ऐका, बंद करा, तासाभराने कीबोर्डची ओळ गुणगुणून पाहा. फक्त ‘टिंग-टिंग-टिंग’ एवढंच आठवलं तर त्या गाण्याला चाल नव्हती, पोत होता. पोत वाईट नाही, पण पोतावर इटालो उभं राहत नाही.

आवाज : थोडा परका, पूर्ण मनापासून

इटालोचे गायक बहुतांशी इटालियन, शब्द बहुतांशी इंग्रजी. कारण व्यापारी होतं. गाणं जर्मनी, स्पेन, हॉलंडमध्ये विकायचं तर इटालियनपेक्षा इंग्रजी बरं. नावंही त्यासाठीच इंग्रजी वळणाची घेतली. केन लास्लो म्हणजे जान्नी कोराइनी, सॅव्हेज म्हणजे रोबेर्तो झानेत्ती, रायन पॅरिस म्हणजे फाबियो रोशोली. डेन हॅरोचा प्रकार तर त्याही पुढचा : मंचावर आणि पोस्टरवर देखणा स्टेफानो झांद्री आणि गाजलेल्या बऱ्याच गाण्यांत प्रत्यक्ष गळा टॉम हूकरचा.

यातून एक विचित्र गोडवा आला. उच्चार इटालियन, व्याकरण कधी कधी हवेत, पण गाणारा प्रत्येक ओळ जीव ओतून म्हणतोय. त्याला आपलं इंग्रजी मजेशीर वाटत नव्हतं. आज अनेकजण हे मुद्दाम करतात : जाडसर उच्चार, हसू येईल असे शब्द, डोळा मारत गायलेली ओळ. तिथे गाणं पडतं. गायकालाच गाणं विनोद वाटत असेल, तर ऐकणाऱ्याचा गळा का दाटून यावा? दुसरी चूक सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरची. ऑटो-ट्यून बाजारात आलं १९९७ला. १९८४च्या गायकाचा सूर लांबवलेल्या ओळीच्या शेवटी किंचित उतरायचा. ते झाकायला तोच आवाज पुन्हा गाऊन पहिल्यावर ठेवायचे. दोन्ही वेळचे लहानसे फरक मिळून आवाजाला जी रुंदी येते, ती एकाच आवाजाची प्रत काढून येत नाही. प्रत म्हणजे तोच आवाज थोडा मोठा, एवढंच.

रचना : सात मिनिटांचं गाणं तीन मिनिटांत कोंबलं की

इटालोचं खरं माप बारा इंची तबकडी. पहिल्या बाजूला गायलेली आवृत्ती, पाच ते सात मिनिटांची. दुसऱ्या बाजूला पुष्कळदा तेच गाणं बिनशब्दांचं. सुरुवातीला सोळा किंवा बत्तीस आवर्तनं नुसता ठेका आणि बेस. १२० बीपीएमला बत्तीस आवर्तनं म्हणजे ६४ सेकंद. तेवढ्या वेळात डीजे आधीचं गाणं उतरवून हे चढवतो. शेवटी पुन्हा तसंच.

आजचं गाणं ऐकलं जातं ते फोनवर. स्पॉटिफायवर ऐकलेलं मोजलं जातं ते तीस सेकंद पूर्ण झाल्यावर, त्यामुळे पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत आवाज किंवा मुखडा आणायची घाई असते. ६४ सेकंदांची नांदी कोण ठेवणार? परिणाम असा की वाट पाहायला लावणारा भागच गायब होतो. इटालोत कीबोर्डची चाल उशिरा येते म्हणून ती भारी वाटते. पहिल्या सेकंदाला दिली तर तीच चाल जाहिरातीच्या धूनसारखी वाटू शकते. त्यामुळे नव्या गाण्यावर मत बनवण्याआधी त्याची लांब आवृत्ती आहे का पाहावं. असली तर तीच ऐकावी. छोट्या आवृत्तीवरून दिलेला निकाल निर्मात्यावर अन्याय करणारा असू शकतो.

“पण जुनी यंत्रं आणायची कुठून?”

आणायची गरज नाही. जुन्या यंत्रांच्या सॉफ्टवेअर नकला आज इतक्या जवळ पोहोचल्या आहेत की पूर्ण गाण्यात मिसळल्यावर फरक सांगणं अवघड. फरक पडतो तो यंत्राचा स्वभाव न कळल्यामुळे.

एक उदाहरण देतो, कारण ही चूक सर्रास दिसते. ‘जुना सिंथ म्हणजे सूर थोडा हलणारच’ असं धरून प्रत्येक आवाजावर सूर डगमगवणारा गुण चढवला जातो. प्रोफेट-५ किंवा जुपिटर-८ या सिंथेसायझरवर ते ठीक आहे. त्यांचे स्वरनिर्माते विजेच्या दाबावर चालत आणि तापमानाने सरकत. जुनो-६०मध्ये मात्र सूर डिजिटल घड्याळाला बांधलेला आहे, तो सरकत नाही. जुनोचा रुंद, पाण्यासारखा पोत येतो तो त्याच्या आतल्या कोरस परिणामातून, म्हणजे आवाजात त्याचीच किंचित सरकलेली प्रत मिसळण्यातून. म्हणजे जुनोच्या नकलेवर सूर हलवला की जुनोपण वाढत नाही, उलट जातं. कोरसचं पहिलं बटण दाबा, बस. यामाहा डीएक्स-७चे घंटेसारखे आवाजही असेच : १९८३चं पूर्ण डिजिटल यंत्र, स्वच्छ आणि थंड. त्याला ‘ऊब’ द्यायला गेलात तर गेलं.

आणि कृपा करून तबकडीची खरखर वरून घालू नका. त्या काळच्या निर्मात्याला आपलं गाणं चकचकीत, कोरं, भविष्यातलं वाटायला हवं होतं. खरखर हा पुढच्या चाळीस वर्षांचा हिशेब आहे, संगीताचा भाग नाही.

जाता जाता, इटलीचं स्वतःचं यंत्रही होतं. मार्के प्रांतातलं कास्तेलफिदार्दो हे अकॉर्डियन बनवणाऱ्यांचं गाव, तिथेच पुढे इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचे कारखाने निघाले. एल्का कंपनीचा सिंथेक्स सिंथेसायझर त्यातलाच, मारिओ माज्जीने रचलेला. पण बहुतेक इटालो गाणी जपानी आणि अमेरिकी यंत्रांवरच झाली. स्वदेशीचा आग्रह कोणी धरलेला दिसत नाही.

“इटलीत बनलं नाही, तर इटालो कसं म्हणायचं?”

म्हणता येतं, आणि ही सवलत आजची नाही. १९८३चं ट्रान्स-एक्सचं ‘लिव्हिंग ऑन व्हिडिओ’ कॅनडातलं, तरी इटालोच्या चाहत्यांनी ते आपल्यातच ओढलं. न्यूयॉर्कचा निर्माता बॉबी ऑरलँडो असाच जवळचा नातेवाईक. उलट्या दिशेनेही देवाणघेवाण झाली : क्लाइन अँड एमबीओचं १९८२चं ‘डर्टी टॉक’ शिकागोच्या हाऊस मंडळींच्या आवडीचं आणि न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडने ‘ब्लू मंडे’ बांधताना त्याच्याकडून घेतल्याचं मान्य केलेलं.

इटलीने पाठ फिरवल्यानंतर ही ज्योत तेवती ठेवली ती डच लोकांनी. हेग शहरातल्या आय-एफ नावाच्या डीजेचा ‘मिक्स्ड अप इन द हेग’ हा मिक्स नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निघाला. त्यानंतर त्याचं इंटरनेट रेडिओ केंद्र आलं. त्यातून एक अख्खी नवी पिढी या संगीताकडे वळली. २००६ला स्वीडनहून सॅली शापिरोचं ‘आय’ल बी बाय युअर साइड’ आलं. संगीत योहान आगेब्योर्नचं. त्यात इटलीचं माणूस एकही नाही, पण चाल आहे, हुरहूर आहे आणि बिचकत पण मनापासून गाणारा आवाज आहे. माझ्या हिशेबात ते नावात इटालो मिरवणाऱ्या बऱ्याच इटालियन गाण्यांपेक्षा जास्त इटालो आहे.

मुंबईचा एक खरा धागा इथे येतो. चरणजित सिंग या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातल्या वादकाने १९८२ला एचएमव्हीसाठी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून ध्वनिमुद्रित केले. यंत्रं कोणती? रोलँडची : टीआर-८०८, टीबी-३०३ आणि जुपिटर-८. इटलीतल्या निर्मात्यांच्या हाती त्याच सुमाराला याच घराण्यातली यंत्रं होती. तो रेकॉर्ड तेव्हा फारसा खपला नाही. २०१०ला तो पुन्हा बाजारात आला, आणि तोही एका डच संग्राहकामुळे. तरीही मी त्याला इटालो म्हणणार नाही. रागाची बढत हळूहळू उलगडते, मुखडा आणि स्वरसंगतीचे जिने तिथे नाहीत. यंत्रं तीच असूनही प्रकार वेगळा ठरतो, याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

“सिंथवेव्ह, युरोडिस्को, हे सगळं एकच ना?”

नाही, पण सीमा पुसट आहेत. सिंथवेव्ह हे ऐंशीच्या दशकातल्या सिनेमांच्या आठवणीवर नंतर रचलेलं संगीत. वेग बहुधा कमी, स्नेअर प्रचंड घुमणारा, नाचापेक्षा रात्री गाडी चालवण्याचा माहोल. मॉडर्न टॉकिंगसारख्या जर्मन जोडीचा युरोडिस्को हा इटालोचा सख्खा शेजारी. तिथे मुखडा उंच, बारीक आवाजातल्या समूहगानाने उचलला जातो. हाय-एनर्जी हा नाचाच्या संगीताचा प्रकार आणखी वेगवान. शंका आली की बेस आणि कीबोर्डची चाल याच दोन गोष्टी आधी तपासा.

“हे गाणं एआयने बनवलं असेल तर?”

आता ही शक्यता धरूनच चालावं लागतं. सूनो, यूडिओ अशा साधनांना दोन ओळींत मागणी सांगितली की तीन मिनिटांचं ‘इटालो’ गाणं मिळतं. इटालोचा साचा ठरीव असल्याने नक्कल पहिल्या ऐकण्यात फसवी वाटते.

खात्रीची चाचणी नाही, पण एक जागा कान देण्यासारखी आहे : स्नेअर. लिनड्रमचा स्नेअर म्हणजे चिपवरचा एकच तुकडा. पहिल्या आवर्तनात आणि शंभराव्या आवर्तनात तो तोच असतो. एआय गाण्यात प्रत्येक आवाज नव्याने काढला जातो, त्यामुळे स्नेअरचा पोत ठोक्यागणिक किंचित बदलत राहतो आणि हाय-हॅटची कडा पाण्यात विरघळल्यासारखी लागते. हेडफोन लावून, गायक थांबलेला असताना ऐका. दुसरी खूण कीबोर्डच्या चालीची : मुखड्यानंतर ती परत येते तेव्हा एखाद-दुसरा सूर उगाचच वेगळा असतो. माणूस चाल बदलतो तेव्हा ती कुठेतरी नेण्यासाठी बदलतो.

मग त्या २०२३च्या गाण्याचं काय?

ठेका सरळ आहे, बेस सिंथचा आणि उसळता आहे. तिथवर बरोबर. पण बांधणी आजच्या उन्हाळी पॉपची : मुखडा पटकन, नांदी नाहीच्या बरोबर. भाषा इटालियन. जुने इटालोवाले परदेशी होण्यासाठी धडपडत होते, हे गाणं घरच्यांशी बोलतं. शब्दांत ‘फेस्टिव्हलबार’चा उल्लेख येतो. ही १९६४ ते २००७ चाललेली इटलीतली उन्हाळी गाण्यांची स्पर्धा, सुरुवातीला ज्यूकबॉक्सवर कुठलं गाणं किती वाजलं यावर निकाल लावणारी. म्हणजे गाण्याचा विषयच आठवण आहे. १९८३च्या गाण्याला आठवायला काही नव्हतं. ते पुढे पाहत होतं. त्यामुळे हे चांगलं बांधलेलं, इटालोबद्दलचं पॉप गाणं आहे. इटालो नव्हे. नाचायला लागलात तर त्यात काही गैर नाही.

“आवडलं की झालं, नाव कशाला हवं?”

ऐकणाऱ्यापुरतं झालंच. पण डीजेला नाव लागतं, कारण जड किकचं नवं गाणं आणि १९८४ची तबकडी एकापाठोपाठ लावली की जुनं गाणं अचानक अशक्त वाटतं आणि नाचणारे थांबतात. दुकानदाराला लागतं. आणि नव्या श्रोत्याला सगळ्यात जास्त : शोधात ‘इटालो डिस्को’ टाकल्यावर वरच्या वीस निकालांत सिंथवेव्हच आला, तर तो मूळ गाण्यांपर्यंत पोहोचणारच नाही.

तुलना करायची असेल तर आवाजाच्या पातळीपासून सुरुवात करावी लागते. आजची गाणी जुन्यांपेक्षा सहा-आठ डेसिबलने मोठी करून सोडलेली असतात आणि मोठं ते कानाला आधी चांगलं वाटतं. ॲपमध्ये आवाज समान ठेवण्याची सोय असेल तर चालू करा. नसेल तर नवं गाणं हाताने खाली घ्या, दोन्हींमधला गायक सारख्याच अंतरावर उभा आहे असं वाटेपर्यंत. मग फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐका. तिथे तळ ऐकूच येत नाही, त्यामुळे चाल उघडी पडते. त्यानंतर हेडफोनवर, फक्त बेसकडे लक्ष देऊन. जुनं गाणं निवडताना मूळ बारा इंची आवृत्तीवरून घेतलेलं निवडा. ‘रीमास्टर्ड’ लिहिलेल्या कित्येक प्रतींत जुन्या ध्वनिमुद्रणालाच आजच्या पातळीपर्यंत दाबून मोठं केलेलं असतं, आणि मग किकचा ठोसा आणि बेसची उडी दोन्हीकडे सारखीच सपाट ऐकू येते.